पावसाळ्यात पेंड, पेंढा आणि मुरघास: गोव्यातल्या गोठ्यात बुरशीचं विष कसं रोखायचं

पेंडीच्या गोणीत हात कोपरापर्यंत घाला. आत ऊब लागली तर ती गोणी आजच बाजूला काढायची. वर पांढरे तंतू दिसत नसले, कुबट वास आला नसला, तरीही. बुरशी वाढताना उष्णता सोडते आणि गोणीच्या पोटातली ती ऊब डोळ्यांच्या आधी हाताला कळते. मृग लागल्यापासून चवथीपर्यंत ही तपासणी दर चार दिवसांनी करा, कारण या काळात गोव्याच्या हवेतच इतकी ओल असते की कोरडी आणलेली पेंडसुद्धा नुसती ठेवल्या जागी पाणी ओढून घेते.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी पक्की करून घेऊ. बुरशी मरते, तिचं विष मरत नाही. उन्हात टाकलं की बुरशी वाळते, झटकली की पडते, दाणे धुतले की वरची पूड निघून जाते. पण दाण्यात उतरलेलं विष तिथेच राहतं. आंबोण उकळूनही ते जात नाही, कारण चुलीवरच्या उकळीची उष्णता त्याला पुरत नाही. दूध तापवून किंवा पाश्चराइज करूनही दुधात आलेलं विष हटत नाही. म्हणून या दुखण्यावर उपचार शोधण्यापेक्षा ओल रोखण्यात वेळ घालवायचा.

विष कोणतं, आणि ते दुधात किती येतं

आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत सगळ्यात जास्त भीती अफ्लाटॉक्सिनची. अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या बुरश्या ते तयार करतात, आणि त्यांना शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, खोबऱ्याची पेंड आणि मका विशेष मानवतो. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली; त्या घरांतली कुत्रीही मेली. बुरसट दाणे कुत्र्याला किंवा कोंबड्यांना टाकण्याची सवय किती घातक आहे, हे त्यावरून समजावं.

गाईने अफ्लाटॉक्सिन बी-१ खाल्लं की यकृतात त्याचं एम-१ होतं आणि ते १२ ते २४ तासांत दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचा साधारण १ ते २ टक्के भाग दुधात येतो. खूप दूध देणाऱ्या गाईत हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत जातं. आपल्याकडे दुधात एम-१ ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि भारतीय मानकानुसार गोळी पेंडीत, म्हणजे कारखान्यात गोळ्या करून विकतात त्या पशुखाद्यात, बी-१ किलोला २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

आता हिशेब करून पाहा. गाय दिवसाला ६ किलो गोळी पेंड खाते आणि पेंडीत किलोला बरोबर २० मायक्रोग्रॅम विष आहे असं धरू. पोटात गेलं १२०, त्यातलं २ टक्के म्हणजे २.४ मायक्रोग्रॅम दुधात. दूध १० लिटर असेल तर लिटरला ०.२४, म्हणजे मर्यादेच्या आत. आता तीच गाय किलोला १०० मायक्रोग्रॅम विष असलेली शेंगदाणा पेंड ३ किलो खाते आहे. पोटात ३००, दुधात ६, लिटरला ०.६. दूध मर्यादेबाहेर गेलं, आणि गाय मात्र रवंथ करत निवांत बसलेली दिसेल. २०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने याच विषामुळे मर्यादेबाहेर गेले होते. हे दूध आधी आपल्याच घरातली मुलं पितात.

बाकीची विषं थोडक्यात. फ्युजॅरियम बुरशीचं झिरॅलेनोन मक्यात असतं. त्याने गाई वारंवार उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, आणि डुकरांच्या कोवळ्या माद्यांचं योनिद्वार सुजतं. फ्युमोनिसिन घोड्यांना आणि डुकरांना जास्त बाधतं. भाताच्या पेंढ्यावरच्या फ्युजॅरियममुळे म्हशींचे कान, शेपटी आणि खुरांजवळचा भाग सडतो. या रोगाला देगनाला म्हणतात आणि तो उत्तरेतल्या थंडीत जास्त आढळतो. ओकरॅटॉक्सिनसारखी काही विषं गाईच्या पोटातले जंतू बऱ्याच अंशी मोडून टाकतात, अफ्लाटॉक्सिनला मात्र ते पुरे पडत नाहीत. वासरांच्या पोटात तर ते जंतूच अजून तयार झालेले नसतात. म्हणून गोठ्यात सगळ्यात चांगला दाणा वासरांना, उरलासुरला कोणालाच नाही.

ओल मोजायची कशी

दाण्यात १४ टक्क्यांपेक्षा जास्त ओल असली की बुरशीला पाय रोवता येतो. तेलबियांचं गणित वेगळं. शेंगदाण्याला ८ टक्केही धोक्याच्या उंबरठ्यावर, आणि वाळवलेलं खोबरं ६ टक्क्यांवर आणलं तरच टिकतं. गोळी पेंडीसाठी मानक ११ टक्के आहे. दाताखाली चावून हे आकडे कळत नाहीत. मक्यासाठी मिठाची बाटली वापरा, ती फुकट आहे आणि भरवशाची आहे.

काचेची झाकणाची बरणी पूर्ण कोरडी करा. मीठ तव्यावर भाजून गार होऊ द्या, नाहीतर पावसाळ्यातलं मीठ स्वतःच ओलं असतं आणि चाचणी खोटी पडते. बरणीत एक मोठा चमचा मीठ आणि एक तृतीयांश भरेल इतका मका घाला, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, मग पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे; तो माल ठेवायचा नाही. मीठ मोकळं खाली पडलं तर ओल १५ च्या आत आहे, पण एवढ्यावर पावसाळाभर साठवू नका. आणखी एक-दोन दिवस कडक ऊन द्या. दाणे पसरताना थर दोन बोटांपेक्षा जाड नको आणि संध्याकाळी चार वाजायच्या आत उचलायचे, कारण त्यानंतर दव आणि समुद्राकडून येणारी हवा वाळलेलं परत ओलं करते.

चिऱ्याची भिंत आणि पत्र्याचं छप्पर

गोव्यात पेंड नासण्याचं पहिलं कारण भिंत आहे. जांभा दगड स्पंजासारखा पाणी ओढतो आणि जुन्या मांगराची, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीची, चिऱ्याची भिंत जूनपासून आतून पाझरत राहते. गोण्यांची थप्पी भिंतीला टेकवली की समोरून सगळ्या गोण्या कोऱ्या करकरीत दिसतात. मागची बाजू वळवून पाहा. तिथे तागावर काळपट डाग, आत मुठीएवढे घट्ट गोळे, आणि गोळा फोडला की मधोमध हिरवट-पिवळी पूड. गोणीतली दोन-तीन किलो पेंड अशी झाली आणि बाकी चांगली दिसली, तरी अख्खी गोणी बाद. विषाचे कण कुठवर पसरले हे कोणालाही दिसत नाही.

म्हणून थप्पी भिंतीपासून हातभर, म्हणजे निदान ४५ सेंटीमीटर दूर, आणि जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर उंच. खाली लाकडी पॅलेट किंवा चार विटांवर फळ्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर फळ्यांखाली जाड प्लॅस्टिकही अंथरा. थप्प्यांमध्ये माणूस फिरेल एवढी वाट ठेवा, म्हणजे मागची बाजू बघता येते आणि उंदीरही लपत नाहीत. उंदीर गोणी फाडतो, मुतून ओल करतो आणि बुरशीचे बीजाणू एका गोणीतून दुसरीत नेतो.

दुसरं कारण पत्रा. दिवसा तापतो, पावसाची सर आली की क्षणात गार होतो आणि आतल्या बाजूने थेंब धरतात. छप्पर गळत नसतानाही वरच्या गोण्या ओल्या झाल्या तर कारण हेच. पत्र्याखाली हातभर जागा सोडून माडाच्या चुडतांचा एक थर किंवा बांबूची तट्टी लावली तर थेंब गोणीवर येत नाहीत. कौलारू मांगरात हा त्रास कमी.

तिसरी चूक बहुतेक जण सद्हेतूने करतात: पेंड निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात घालून झाकण घट्ट लावतात. पेंड खरोखर कोरडी असेल तर हे उत्तम. पण जुलैच्या पहिल्या सरीत टेम्पोतून उतरवलेली, किंचित दमट पेंड पिंपात बंद केली तर तिची ओल बाहेर जायला वाव नसतो. झाकणाच्या आतल्या बाजूला घाम दिसला की समजा, वरची चार बोटं पेंड बाद झाली आहे. आधी कोरडी, मग बंद.

पेंडीचा साठा गोठ्यातच ठेवू नका. जनावरांचा श्वास, मूत आणि धुण्याचं पाणी यामुळे गोठ्याची हवा मांगरापेक्षाही ओली असते.

किती घ्यायचं, काय बघून घ्यायचं

दहा लिटर दूध देणारी गाय दिवसाला ५ ते ६ किलो खुराक खाते. म्हणजे ५० किलोची गोणी आठ ते दहा दिवस. दोन गाई असतील तर पंधरवड्याला साधारण साडेतीन गोण्या. पावसाळ्यात याहून जास्त साठा करू नये असं आमचं ठाम मत आहे. भाव वाढायच्या भीतीने मे महिन्यात वीस गोण्या भरून ठेवल्या आणि त्यातल्या चार नासल्या, तर वाचवलेले पैसे गेले आणि शिवाय दूध बिघडलं.

गोणीवर उत्पादनाची तारीख बघा; दीड महिन्याहून जुना माल परत करा. शिलाईचा दोरा बोटांनी दाबा. तो ओला किंवा काळा असेल तर माल वाटेत भिजला आहे. गोळ्या कोरड्या, चकचकीत आणि मोडताना टक् आवाज करणाऱ्या हव्यात. घरी आणल्यावर प्रत्येक गोणीवर खडूने आणल्याची तारीख लिहा आणि जुनी आधी वापरा. नवी गोणी थप्पीवर टाकली की तळातली जुनी तशीच राहून जाते, हे बहुतेक गोठ्यांत होतं.

सुटी शेंगदाणा किंवा सरकी पेंड बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. एकदा बुरसलेली पेंड वाळवून, कुटून पुन्हा विकली की डोळ्याला काही कळत नाही. खुराकात एकाच पेंडीवर भिस्त न ठेवता दोन-तीन प्रकार वापरले तर एखादा खराब निघाला तरी एकूण मात्रा कमी राहते. पण नासलेली पेंड चांगल्यात थोडी थोडी मिसळून संपवणं म्हणजे विष सगळ्या गोठ्याला वाटणं.

खोबरं, चोथा, बोंडं

स्वतःच्या माडांचं खोबरं घाण्यावर नेऊन पेंड घरी आणणारे बरेच आहेत. तेल काढल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, म्हणून घाण्याच्या आधी वाटी वाटी तपासा. आतली पांढरी बाजू उजेडात धरा: पिवळट-हिरवे ठिपके दिसले तर ती वाटी वेगळी काढा. करड्या-पांढऱ्या बुरशीपेक्षा ही हिरवट बुरशी जास्त धोक्याची. नारळ फोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत कडक ऊन मिळालं नाही तर ही बुरशी हमखास लागते, तेव्हा ढग असतील तर नारळ फोडूच नका. खवट वास मात्र तेल जुनं झाल्याचा असतो. त्याचा अर्थ बुरशी असा नाही, पण खवट पेंडही जनावर नीट खात नाही.

बिअरच्या कारखान्यातून मिळणाऱ्या चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. आणल्यापासून दोन दिवसांत संपवा. जास्त मिळाला तर पिंपात पायाने दाबून, हवा काढून, वरून प्लॅस्टिक आणि दगड ठेवून बंद करा. उघड्या ढिगावर ताडपत्री टाकणं उपयोगाचं नाही. काजूच्या बोंडांचा चोथा त्याच दिवशी उन्हात पातळ पसरा. एप्रिलचं ऊन त्याला पुरतं, दुसऱ्या दिवसापर्यंत ढीग राहिला तर पुरत नाही.

पेंढा

वायंगणाचा, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेल्या भाताचा, पेंढा मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळतो, तो सहसा नासत नाही. अडचण शरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या पिकाची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी, परतीचा पाऊस, आणि कापणी यंत्राने शेतातल्या चिखलात टाकलेला पेंढा. वाळला की नाही हे कळायला मूठभर काड्या पिळा. कट्कन मोडल्या तर रचायला हरकत नाही, वाकल्या तर नको. यंत्राने बांधलेल्या गाठोड्यात तर आणखी काळजी, कारण आतली ओल बाहेर पडत नाही.

उडवी रचताना खाली दगड आणि फांद्यांचा फूटभर उंच माच करा. वरचा उतार तीव्र ठेवा आणि माथ्यावर चुडतं घट्ट बांधा. रचल्यावर पहिले दोन आठवडे लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल इतकी तापली तर उडवी मोडून पसरा. असा पेंढा पेटल्याचीही उदाहरणं घडतात.

पेंढा पुरेसा वाळणार नाही असं दिसलं, पण बुरशी अजून लागलेली नाही, तर युरिया प्रक्रिया हा चांगला मार्ग आहे. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा आणि प्रत्येक थर पायाने तुडवा. पेंढा आधीच दमट असेल तर पाणी त्या मानाने कमी घ्या, युरिया तेवढाच. मग ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. तयार होणारा अमोनिया बुरशी रोखतो आणि पेंढा पचायलाही सोपा करतो. उघडल्यावर तास-दोन तास वारा लागू द्या, मगच घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचं पाणी गाई-गुरांच्या तोंडाला लागेल अशा जागी एक मिनिटही ठेवू नका. थेट प्यायल्यास जनावर तासाभरातही मरू शकतं.

मुरघास

मुरघास म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा. मक्याच्या दाण्यातली दुधाची रेघ, म्हणजे वरचा कडक भाग आणि खालचा दुधाळ भाग यांमधली रेघ, निम्म्यावर आली की कापणी करा. तेव्हा चाऱ्यात ३० ते ३५ टक्के कोरडा भाग असतो. कुट्टी १ ते २ सेंटीमीटर. मुठीत घट्ट दाबा: रस गळाला तर चारा फार ओला, मूठ उघडताच विस्कटला तर फार सुका, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. बॅग भरताना दर फूटभर थर तुडवून दाबा, कारण राहिलेली हवा म्हणजे बुरशीची सोय. तोंड बांधून ४५ दिवस हात लावू नका.

एक-दोन गाईंच्या गोठ्याला ५० किलोच्या छोट्या बॅगा सोयीच्या, कारण उघडलेली बॅग दमट हवेत दोन दिवसांत संपायला हवी. मोठा खड्डा असेल तर दर्शनी बाजूचा किमान १५ सेंटीमीटर थर रोज काढा. त्यापेक्षा कमी काढलं तर आत शिरलेल्या हवेला बुरशी गाठते. घाटावरून तयार गाठी येतात तेव्हा उतरवतानाच चारही बाजूंनी फिरून भोकं शोधा, हुक लावू देऊ नका, आणि भोक दिसताच मुरघासाच्या चिकटपट्टीने बंद करा. निळा-हिरवा, गुलाबी किंवा लाल डाग दिसला तर त्याच्या चारही बाजूंचा वीतभर भाग काढून टाका, कारण तंतू डागापलीकडे गेलेले असतात.

शंका आली तर

खाणं कमी, दूध घटलेलं, अंगावरचे केस राठ, शेण पातळ, गाय पुन्हा पुन्हा उलटणं, सडांची सूज सारखी परतणं. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या डझनभर कारणांनीही येतं. पण नवी गोणी उघडल्यापासून आठवडाभरात दोन-तीन जनावरांत एकदमच असं दिसलं तर आधी खुराक थांबवा, मग डॉक्टरांना बोलवा, आणि गोणीचं लेबल जपून ठेवा.

नमुना घेताना हात घालून वरचं मूठभर काढू नका. विष गोणीत ठिपक्या-ठिपक्यांनी असतं. एका कोपऱ्यात भरपूर, बाजूला काहीच नाही. किमान दहा ठिकाणांहून, वर-मध्ये-तळाशी, मिळून दोन किलो काढा, कोरड्या कागदावर मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा आणि असं करत अर्धा किलो उरवा. कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये वाटेतच बुरशी वाढते. प्रयोगशाळेला नुसतं 'बुरशी तपासा' असं न लिहिता 'अफ्लाटॉक्सिन बी-१ चं प्रमाण' असं लिहा. बीजाणूंची संख्या कमी आली म्हणून विष नाही असं होत नाही.

विष शोषणारी माती म्हणजे बेंटोनाइट. एकूण कोरड्या आहाराच्या ०.५ ते १ टक्का प्रमाणात दिली, म्हणजे १२ किलो कोरडा आहार खाणाऱ्या गाईला रोज ६० ते १२० ग्रॅम, तर अफ्लाटॉक्सिनचा काही भाग शेणावाटे जातो. दुधातलं विष कमी होतं, शून्य होत नाही, आणि झिरॅलेनोनसारख्या विषांवर तिचा फारसा परिणाम नाही. पशुखाद्यासाठीची म्हणून विकलेलीच घ्या. बोअरवेल खोदताना वापरतात ती घालू नका, तिच्यात जड धातू असू शकतात.

नासलेला माल हाताळताना एन-९५ मास्क लावा, ती पूड फुप्फुसात जाते. शेणाच्या गायरीवर टाकू नका, तिथे कोंबड्या उकरतात. विहिरीपासून लांब, उंचवट्यावर कमरेएवढा खड्डा करून पुरा. गव्हाणीचे कोपरे, पेंडीचं माप आणि रिकामी गोणी घासून, धुऊन उन्हात वाळवा. गोणी बुरसली असेल तर जाळा. खुराक बदलल्यावर दुधातलं एम-१ साधारण तीन ते चार दिवसांत उतरतं. तेवढे दिवस ते दूध घरात वापरू नका, वासराला पाजू नका, आणि दूध संस्थेत घालण्याआधी तिथल्या माणसाला सांगा.